मुशीत तांबं होतं, बशीत काळं झालं: मॅलाकाइटमधून तांबं काढण्याची नीट पद्धत

"झाकण काढलं तेव्हा आत लाल दिसत होतं सर, बशीत ओतेपर्यंत सगळं काळं झालं." विज्ञान प्रदर्शनांच्या हंगामात ही तक्रार मला हमखास ऐकू येते. तिची जुळी बहीण म्हणजे, "तासभर तापवलं, पण तांब्याचा एक थेंब पडला नाही." दोन्ही वेळा खापर आचेवर फुटतं आणि पुढच्या खेपेला आच वाढवली जाते. आच बहुतेकदा पुरेशी असते. गडबड झालेली असते ती आधी, दळताना-धुताना, किंवा नंतर, झाकण उघडताना.

इथे एकच धातुक घेतलं आहे, मॅलाकाइट. हे तांब्याचं हिरवं खनिज, रसायनाच्या भाषेत आम्लारिधर्मी कॉपर कार्बोनेट. शुद्ध असेल तर वजनाच्या ५७.५ टक्के तांबं त्यात असतं, आणि शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत झेपेल एवढ्या उष्णतेत ते मोकळं होतं. दहावीच्या पुस्तकातले संहतीकरण (धातुकातला निरुपयोगी दगड वेगळा करणं), निस्तापन, क्षपण आणि शुद्धीकरण हे चारही शब्द या एका दगडावर करून बघता येतात.

## आधी नकार: हे दगड तापवायचे नाहीत

ही पद्धत फक्त कार्बोनेट आणि ऑक्साइड धातुकांसाठी आहे. सोनेरी-पिवळं चाल्कोपायराइट (आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या खाणीत मुख्यतः हेच निघतं) तापवलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो. कारखान्यात तो पकडून सल्फ्युरिक आम्ल करतात, तुमच्या गच्चीवर तो थेट छातीत जाईल. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, मनशीळ आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकची सल्फाइडं. सुरमा म्हणून विकला जाणारा राखाडी चकचकीत दगड अनेकदा शिशाचा असतो. यांतला कुठलाही दगड कुटायचाही नाही आणि तापवायचाही नाही. "थोडासाच घेऊन बघू" हेही नको.

मॅलाकाइटची धूळही निरुपद्रवी नाही. तांब्याची संयुगं पोटात गेली की मळमळ आणि उलट्या होतात. मास्क, चष्मा, हातमोजे लागतीलच. या कामाला लागलेला खलबत्ता, चाळण आणि ताटली पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हे घरच्यांना आधीच सांगून टाका.

## सामान

चिनी मातीचा किंवा दगडी खल. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. रव्याची आणि मैद्याची अशा दोन चाळण्या. पसरट ताटली. चिनी मातीची मूस झाकणासह, चिमटा, त्रिकोणी मातीचा आधार, तिवई, बर्नर. कडक काचेची परीक्षानळी, चुन्याची निवळी, गाळणकागद, लोहचुंबक. कोळशाऐवजी आम्लात विरघळवून तांबं काढायचं असेल, म्हणजे ओल्या मार्गासाठी, विरल सल्फ्युरिक आम्ल आणि लोखंडी खिळे.

खलाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे फसगत होते. लोखंडी खलाचे कण भुकटीत मिसळतात आणि पुढे आम्लात तेच तांब्याला वेळेआधी खाली पाडतात. पितळी खल त्याहून वाईट. पितळेत तांबंच असतं, त्यामुळे शेवटी मिळालेलं तांबं दगडाचं की खलाचं, हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि एक वही. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर वजन लिहायचं. वही नसेल तर चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही.

## टप्पा १: दगड खरंच मॅलाकाइट आहे का?

पुण्या-नाशिककडचे वाचक बेसाल्टच्या पोकळीत सापडलेला हिरवा दगड मोठ्या आशेने दाखवतात. दख्खनच्या बेसाल्टमधला हिरवा थर बहुधा सेलॅडोनाइटचा असतो, म्हणजे लोह आणि पोटॅशियमचं मातकट खनिज. पुण्याच्या पाषाण टेकड्यांवरचे काचेसारखे हिरवे स्फटिक अ‍ॅपोफिलाइटचे. ते दिसायला देखणे, पण तांब्याचं धातुक नव्हेत. बाजारातल्या "मॅलाकाइट" मण्यांमध्येही रंगवलेलं प्लास्टिक बरंच असतं.

मटाराएवढा तुकडा चुरडून तीन चाचण्या करा, त्याही याच क्रमाने:

१. चाकूने ओरखडा काढा. मॅलाकाइटची कठीणता ३.५ ते ४, म्हणजे चाकू सहज ओढतो आणि भुकटी फिकट हिरवी पडते. चाकू घसरला तर तो हिरवा क्वार्ट्झ समजा.

२. चिमूटभर भुकटीवर विरल आम्लाचे थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले पाहिजेत आणि द्रावण निळं व्हायला पाहिजे. नुसतं फसफसलं आणि रंग आला नाही, तर तो कॅल्साइट. रंग आला पण फसफस नाही, तर ते क्रिसोकोला असू शकतं. हे तांब्याचं सिलिकेट असून नुसत्या कोळशाने नीट सुटत नाही.

३. त्या निळ्या द्रावणात घासून चकचकीत केलेला खिळा बुडवा. मिनिटभरात त्यावर लालसर थर चढला की तांबं नक्की.

पहिल्यांदाच करत असाल तर दगडाच्या मागे लागूच नका. रसायनांच्या दुकानात आम्लारिधर्मी कॉपर कार्बोनेटची हिरवी भुकटी मिळते. तिची घडण मॅलाकाइटसारखीच. टप्पा ३ पासून एकदा तिच्यावर हात बसवा, मग दगडाकडे या.

## टप्पा २: कुटणं आणि रोळणं

इथे क्रम चुकला की निम्मा माल गटारात जातो. बहुतेक जण दगड आधी मैद्यासारखा बारीक करतात आणि मग धुवायला घेतात. इतकी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि मॅलाकाइटही गाळाबरोबर वाहून जातं. आधी रव्याएवढं जाड, मग धुणं, आणि वाळल्यावर बारीक दळणं असाच क्रम हवा.

अ. दगड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा. हिरवे तुकडे हाताने वेचून घ्या, पांढरे-राखाडी बाजूला काढा. दहा मिनिटांची ही वेचणी पुढचा तासभर वाचवते.

आ. वेचलेले तुकडे थोडं पाणी शिंपडून खलात कुटा. कोरडं कुटलं की धूळ उडते. कुटून झालं की पसरून वाळवा, ओला चुरा चाळणीत अडकतो. वाळल्यावर मास्क लावून, उघड्यावर, हळूच चाळा.

इ. रव्याच्या चाळणीतून पडलेलं पुन्हा मैद्याच्या चाळणीतून काढा. वर राहिलेला रवा आणि खाली पडलेली पूड वेगवेगळी धुवायची. दोन्ही एकत्र धुतल्यास क्वार्ट्झचा मोठा कण आणि मॅलाकाइटचा लहान कण सारख्याच वेगाने तळाला बसतात आणि निवड होतच नाही.

ई. आता रोळा. तांदूळ रोळताना हलका दाणा पाण्याबरोबर पुढे जातो आणि खडा मागे राहतो. इथे आपल्याला तो मागचा "खडा" हवा आहे. मॅलाकाइट पाण्याच्या सुमारे चौपट जड, क्वार्ट्झ २.६५ पट. ताटलीत मूठभर चुरा आणि दोन बोटं पाणी घ्या. गोल हिसके देत ताटली किंचित तिरकी करा, वरचा पांढरट थर काठावरून सोडा. आठ-दहा वेळा केलं की तळाशी हिरवी रेघ उरते. हात बसायला वेळ लागतो, पहिली ताटली फुकट गेली तरी चालेल.

उ. वाळवून घ्या आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काळे लोहकण ओढले जातील, ते काढून टाका.

इशारा: धुवणाचं पाणी बादलीत साठवा. खाली बसलेला गाळ भिंगातून पाहा. त्यात हिरवे कण दिसत असतील तर तुम्ही घाई केली आहे. तो गाळ पुन्हा रोळा.

हे काम कंटाळवाणं वाटलं तर एवढं ध्यानात घ्या की मोठ्या खाणींतल्या धातुकात तांबं एखाद-दुसरा टक्काच असतं. तेवढ्यासाठी टनावारी दगड भट्टीत घालणं परवडत नाही, म्हणून तिथेही आधी दळण आणि फेनतरण. रोळणं हे त्याचंच गरिबाघरचं रूप, फक्त इथे जडपणावर निवड होते आणि तिथे कण तेलकट फेसाला चिकटतो की नाही यावर.

आता ही वाळलेली हिरवी रेघ मैद्यासारखी बारीक करा. दळण्याची खरी वेळ ही आहे.

## टप्पा ३: निस्तापन, हिरव्याचं काळं

मॅलाकाइट तापवलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते, मागे काळं कॉपर ऑक्साइड उरतं. याला लालभडक आच लागत नाही. साधारण ३००-३५० अंश सेल्सिअसला काम उरकतं.

१. रिकामी मूस वजन करा. १० ग्रॅम भुकटी घाला. मूस एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. आतून वायू सुटताना भुकटी दूध उतू गेल्यासारखी उसळते आणि काठावरून सांडते. हे सांडणं दिसत नाही, वजनात मात्र दिसतं.

२. झाकण न लावता मंद आचेवर पाच मिनिटं, मग मध्यम आचेवर पंधरा मिनिटं. काचेच्या कांडीने मधूनमधून ढवळा. वरून काळं झालं म्हणजे आतून झालं असं नाही.

३. गार करा, वजन करा. पुन्हा दहा मिनिटं तापवा, गार करा, वजन करा. लागोपाठची दोन वजनं जुळली की निस्तापन पूर्ण.

वर्गाला वायू दाखवायचा असेल तर वेगळी चिमूटभर भुकटी कडक परीक्षानळीत घ्या आणि निर्गम नळी चुन्याच्या निवळीत सोडा. नळीचं तोंड किंचित खाली झुकतं धरा, नाहीतर वाफेचे थेंब उलटे गरम काचेवर जाऊन नळी तडकते. आणि बर्नर बंद करण्याआधी निर्गम नळी निवळीतून बाहेर काढा. उलटं केलंत तर निवळी वर खेचली जाऊन तापलेल्या नळीत शिरते.

तपासणी, जी जवळजवळ कोणी करत नाही: शुद्ध मॅलाकाइटचं वजन निस्तापनात २८ टक्क्यांनी घटतं. १० ग्रॅमचे ७.२ ग्रॅम राहिले तर माल शुद्ध. समजा घट फक्त २.१ ग्रॅम झाली. २.१ भागिले २८, गुणिले १०० म्हणजे साडेसात ग्रॅम. याचा अर्थ तुमच्या १० ग्रॅममध्ये मॅलाकाइट ७.५ ग्रॅमच होतं, उरलेला दगड. त्यातून जास्तीत जास्त ४.३ ग्रॅम तांबं मिळू शकतं. हा आकडा आत्ताच वहीत लिहून ठेवा. घट २८ टक्क्यांच्या वर गेली तर भुकटी ओली होती किंवा सांडली.

आता वाट निवडायची. मॅलाकाइट निम्म्याहून बरंच जास्त निघालं तर कोळशाचा कोरडा मार्ग (टप्पा ४). दगडच जास्त असेल तर ओला मार्ग (टप्पा ५), आणि त्यासाठी निस्तापनाचीही गरज नाही, हिरवी भुकटी थेट आम्लात जाते. माझं विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने ओला मार्गच घ्यावा. कोरड्यात नाट्य जास्त, हाती लागणं कमी.

## टप्पा ४: कोळशाने क्षपण

कॉपर ऑक्साइडमधला ऑक्सिजन कार्बन ओढून घेतो आणि तांबं मोकळं होतं, हे पुस्तकात एका ओळीत आहे. मुशीत मात्र दोन काळ्या भुकट्या असतात आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून इथे सगळं वजनावर चालतं.

कोळसा. साधा लाकडी कोळसा घ्या. बार्बेक्यूसाठीच्या दाबून केलेल्या वड्यांमध्ये चिकटवायला इतर पदार्थ असतात, त्या नकोत. कोळसा हवेतली ओल शोषतो, म्हणून झाकलेल्या डब्यात आधी तापवून कोरडा करा. मग वस्त्रगाळ करा.

प्रमाण. ७.२ ग्रॅम ऑक्साइडला हिशेबाने ०.५४ ग्रॅम कार्बन पुरतो. प्रत्यक्षात दुप्पट-अडीचपट, म्हणजे १.२ ते १.४ ग्रॅम घ्या, कारण काही कोळसा हवेतच जळतो. त्याहून फार वाढवू नका, शेवटी तो धुवून काढताना तांबंही जातं.

मिसळणं. दोन्ही भुकट्या खलात निदान पाच मिनिटं घोटा. कार्बनचा कण ऑक्साइडच्या कणाला भिडल्याशिवाय काही घडत नाही. चमच्याने ढवळून भागवलेले प्रयोग इथेच फसतात.

भरणं. मिश्रण मुशीत घालून बोटाने दाबा. वर सुक्या कोळशाचा सेंटीमीटरभर थर द्या आणि झाकण ठेवा. हा वरचा थर हवेला अडवतो. पुढे सगळा प्रयोग त्याच्यावर अवलंबून आहे.

तापवणं. चिनी मातीची मूस एकदम मोठ्या आचेवर ठेवली की तडकते. पाच मिनिटं मंद, मग बर्नरची निळी ज्योत पूर्ण. मुशीचा तळ लाल दिसायला लागल्यावर पंचवीस-तीस मिनिटं. मध्ये झाकण उघडून बघायचं नाही. मोह होतो, मलाही होतो.

इशारा: यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत हा प्रयोग करूच नका. धूरकक्ष नसेल तर ओसरीत किंवा उघड्या अंगणात करा.

गार करणं. आता ती काळ्या बशीची गोष्ट. नुकतं सुटलेलं तांबं म्हणजे बारीक, सच्छिद्र भुकटी. गरम असताना तिला हवा लागली की पृष्ठभागावर क्षणात पुन्हा ऑक्साइड धरतं. माझ्या पहिल्या प्रात्यक्षिकात मीच मुलांना "बघा, लाल झालं" म्हणत झाकण उचललं होतं. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे येईपर्यंत दाखवायला काही उरलं नव्हतं. बर्नर बंद करा, झाकण तसंच ठेवा, आणि मुशीला हात लावता येईल इतकी ती गार होऊ द्या. पाऊण तास लागतो. तेवढ्यात वही पूर्ण करा.

वेगळं करणं. गार झालेलं सगळं चंचुपात्रात पाण्यात टाका आणि पुन्हा रोळा. कोळसा हलका, तो पाण्याबरोबर जातो. तळाला विटकरी-तपकिरी भुकटी राहते.

थेंब का पडला नाही, याचं उत्तरही इथेच. तांबं १०८५ अंशांना वितळतं. बर्नरवरच्या झाकलेल्या मुशीत एवढं तापमान चढत नाही. क्षपण त्याच्या बरंच खाली होतं, त्यामुळे भुकटी मिळाली म्हणजे प्रयोग फसला नाही. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने ती कागदावर दाबून घासा, तांब्याची लकाकी लगेच दिसेल.

## टप्पा ५: ओला मार्ग

आम्ल. एक मोलर सल्फ्युरिक आम्ल हवं. प्रयोगशाळेतलं तयार विरल आम्ल उत्तम. नवं, सीलबंद बॅटरीचं आम्ल असेल तर एक भाग आम्ल चार भाग पाण्यात. नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. जुन्या बॅटरीतलं आम्ल शिशाने दूषित असतं, ते अजिबात नको. घरातलं व्हिनेगरही चालतं म्हणतात, आणि चालतं, पण इतकं रेंगाळत की मुलं कंटाळून निघून जातात.

१० ग्रॅम शुद्ध मॅलाकाइटला ९० मिलिलिटर आम्ल लागतं. तुमच्या हिशेबात मॅलाकाइट ७.५ ग्रॅम असेल तर साधारण ६५ मिलिलिटर घ्या. जरासं कमीच. सगळं आम्ल वापरलं गेलं पाहिजे, तळाला थोडी हिरवी भुकटी उरली तरी हरकत नाही. उरलेलं आम्ल पुढे खिळे खातं, हायड्रोजन सोडतं आणि सगळा हिशेब बिघडवतं.

भुकटी चमचा-चमचा टाका, फेस बसू द्या, मग पुढचा चमचा. फसफस थांबली की गाळून घ्या. गाळणकागदावर क्वार्ट्झ राहतं, खाली गर्द निळं द्रावण येतं. हे मोरचुदाचंच द्रावण. दगड कॅल्साइटयुक्त असेल तर आम्ल भराभर संपतं आणि कणांवर जिप्समचा पांढरा थर धरतो. तसं झालं तर पुन्हा टप्पा २ वर जाऊन नीट वेचणी करा.

खिळ्यांनी पाडणं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील, म्हणून ते द्रावणात जातं आणि तांबं बाहेर पडतं. ४.३ ग्रॅम तांब्याला ३.८ ग्रॅम लोखंड खर्च होतं, पण खिळे दहा ग्रॅम तरी टाका. नवे खिळे तेलकट असतात. साबणाने धुवा, सँडपेपरने घासा. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे टाळा, जस्त फार वेगाने काम करतं आणि तांबं काळपट, भुसभुशीत पडतं. भांडी घासायच्या लोखंडी तारेचंही तेच, तिचे तुकडे तांब्यात अडकून बसतात.

रात्रभर ठेवा. निळा रंग जाऊन फिकट हिरवा आला की नवा घासलेला खिळा दोन मिनिटं बुडवून पाहा. तो राखाडीच राहिला तर द्रावणातलं तांबं संपलं.

खिळे खरवडून बाहेर काढा. खाली बसलेल्या लालसर गाळावर थोडं विरल आम्ल घालून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, अडकलेलं लोखंड विरघळेल आणि तांबं तसंच राहील. पाण्याने तीनदा, शेवटी स्पिरिटने धुवा. स्पिरिट उडून जाईपर्यंत जवळ ज्योत नको. ओलं तांबं उन्हात वाळत घातलं की तपकिरी पडतं, सावलीत पसरा.

विजेने काढायचं असेल तर. खिळ्यांऐवजी बॅटरी एलिमिनेटर. ऋणाग्राला स्टीलची पट्टी, धनाग्राला ग्रॅफाइटची कांडी, दाब ३ व्होल्टपर्यंत. बुडालेल्या पट्टीच्या दर चौरस सेंटीमीटरला २० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ठेवा. जास्त दिला की चकचकीत थराऐवजी काळपट भुगा पडतो. ५ बाय २ सेंटीमीटरची पट्टी, दोन्ही बाजू धरून, ०.४ अँपिअर मागते आणि तासाला अर्ध्या ग्रॅमहून किंचित कमी तांबं देते. ४.३ ग्रॅमला नऊ तास तरी लागतील. प्रात्यक्षिकात अर्धा तासच दाखवा.

इशारा: अग्रांची अदलाबदल ही इथली नेहमीची चूक. स्टील धनाग्राला लागलं तर त्यातलं निकेल आणि क्रोमियम द्रावणात उतरतं, ते विषारी. आणि सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून वीज सोडू नका, क्लोरीन वायू सुटतो.

## टप्पा ६: मिळालं ते तांबंच का, आणि किती?

वाळलेल्या भुकटीचं वजन करा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. हिशेबाने ४.३ ग्रॅम निघत होतं आणि काट्यावर ५ आलं, तर आनंद मानू नका. कोळसा, दगड, लोखंड किंवा ओल, यांपैकी काहीतरी आत आहे.

चिमूटभर भुकटी विरल सल्फ्युरिक आम्लात टाका. तांबं त्यात विरघळत नाही, ऑक्साइड विरघळतं. द्रावण निळं झालं तर तेवढं ऑक्साइड क्षपणातून सुटलं होतं किंवा गार होताना परत आलं. बुडबुडे आले तर लोखंड. काळं तरंगलं तर कोळसा. एका चाचणीत तीन उत्तरं मिळतात, म्हणून ती टाळू नये.

## टप्पा ७: गोळी करायची असल्यास

हे काम स्वतः करू नका. ओळखीच्या सोनाराकडे किंवा ओताऱ्याकडे भुकटी घेऊन जा, त्याच्याकडे मूस, भाता आणि वर्षांची नजर असते. मात्र काय घडतंय ते समजून पाहा. तो रिकाम्या मुशीला आतून टाकणखाराचा काचेसारखा थर देतो, मग भुकटीत पुन्हा टाकणखार घालतो. टाकणखार उरलेलं ऑक्साइड आणि दगडाचे कण विरघळवून घेतो आणि मळीसारखा वर तरंगतो. भुकटी पूर्ण कोरडी असल्याची खात्री तुम्ही करायची. ओली भुकटी तापलेल्या मुशीत गेली की वाफ उडते आणि तिच्याबरोबर वितळलेला धातूही. ओल्या साच्याचं, आणि सिमेंटच्या फरशीवर सांडलेल्या धातूचंही तेच.

## हीच कृती दुसऱ्या धातूंना लावू नका

हेमॅटाइटमधून लोखंडही कोळशानेच निघतं, पण बर्नरवर नाही, त्याला भात्याची भट्टी लागते. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे झाकण सैल असेल तर ते वाफ होऊन उडून जातं आणि मुशीत काहीच उरत नाही. अ‍ॅल्युमिनियमला कोळशाची डाळ या आचेवर शिजत नाही. ते वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये, साडेनऊशे अंशांच्या पुढे, विजेनेच काढावं लागतं. बॉक्साइट कोल्हापुरात मिळतं म्हणून ते मुशीत घालणारे दरवर्षी एक-दोन तरी भेटतात.

## आवरताना

निळं-हिरवं पाणी मोरीत ओतायचं नाही. विरघळलेलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या जिवांना फार कमी प्रमाणातही मारक असतं. खिळ्यांचं द्रावण सोडून बाकी सगळं धुवण एका बादलीत घ्या, त्यात धुण्याचा सोडा थोडाथोडा घाला. आम्ल शिल्लक असेल तर आधी फसफसेल, मग निळसर-हिरवा साका खाली बसेल. वरचं पाणी नितळ आणि बिनरंगी झाल्याचं बघूनच गाळा. खिळ्यांच्या द्रावणाचं हेच दुसऱ्या बादलीत करा आणि तो साका वेगळा ठेवा, त्यात लोखंड असतं आणि तो वाळताना गंजासारखा होतो. तो कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

तांब्याचा साका मात्र टाकू नका. धुऊन सावलीत वाळवला की ती पुन्हा कॉपर कार्बोनेटची हिरवट भुकटी होते. बाटलीवर तारीख आणि वजन लिहून ठेवा, पुढच्या तुकडीची निस्तापनाची तालीम तिच्यावरच घेता येते.